चिनी नाडी आणि आपली नाडी: मनगट तेच, हिशोब वेगळा

चिनी वैद्य नाडी बघतोय असा व्हिडिओ कुठे आला की खाली कमेंट ठरलेली, "हे तर आपलंच नाडीपरीक्षण, यांनी ढापलं". वाटणं साहजिक आहे म्हणा, दोन्हीकडे अंगठ्याखालची तीच धमनी, तीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, शिवाय सकाळी बघितलेली नाडी खरी हेही दोन्हीकडे सांगतात. पण बोटांखाली ते काय शोधतायत ते विचारलंत तर दोघं एकदम वेगळं सांगतील.

आपलं बघा आधी. अंगठ्याच्या बाजूने पहिलं बोट वाताचं, मधलं पित्ताचं, तिसरं कफाचं, पुरुषाचा उजवा हात आणि बाईचा डावा बघायचा ही रीत. मग गती बघायची, म्हणजे नाडी सापासारखी किंवा जळवेसारखी वळवळत चालली तर वात, बेडकासारखी उड्या मारत असेल तर पित्त, हंसासारखी संथ असेल तर कफ. थोडक्यात प्रश्न एकच, कुठला दोष बिघडलाय.

चिनी वैद्य मात्र दोन्ही हात मागतो. मनगटाखाली छोटी उशी ठेवतो, आधी मधलं बोट टेकवतो ते अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळ जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या शेजारी, मग बाकीची दोन बोटं आजूबाजूला बसतात. या तीन जागांना चुन, ग्वान आणि छ्र म्हणतात आणि खरी गंमत इथे आहे, कारण प्रत्येक जागा एकेका अवयवाची. डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्यावर फुप्फुस, प्लीहा, पुन्हा मूत्रपिंड (त्याची ऊब देणारी बाजू). आता हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं तेच असं धरू नका, त्यांच्या हिशोबात शरीरातली 'छी' (म्हणजे प्राणशक्ती) मोकळी वाहती ठेवणं आणि राग हे दोन्ही यकृताच्या खात्यात.

त्यात दाबही तीन, हलका, मध्यम आणि पार खोल. नुसतं टेकवल्यावर लागते पण दाबल्यावर क्षीण होते ती तरंगती नाडी, सर्दी-तापाच्या सुरुवातीला सापडते असं मानतात. वेग मोजायला घड्याळ नको, वैद्याच्या स्वतःच्या एका श्वासात पेशंटचे 4-5 ठोके पडले तर ठीक, 3 पडले तर शरीरात 'थंडी', 6 झाले तर 'उष्णता'. म्हणजे जिना चढून धापा टाकत आलेल्या वैद्याने लगेच नाडी बघायला बसू नये, हे ओघानेच आलं.

ढापण्याचं म्हणाल तर तिसऱ्या शतकात वांग शूह या चिनी वैद्याने 24 प्रकारच्या नाड्या लिहून ठेवल्या, 1564 मध्ये ली शिझेनने त्या 27 केल्या, आजच्या पुस्तकांत बहुतेक 28 असतात. आपल्याकडे चरक-सुश्रुतात ही तीन बोटांची नाडीपरीक्षा नाहीच, ती येते शार्ङ्गधर संहितेत, साधारण 13व्या-14व्या शतकात. म्हणून लगेच आपण त्यांच्याकडून उचलली असं उलटं ठोकायचीही गरज नाही.

पुढचे उपचारही अर्थातच वेगळे. समजा डोकं दुखतंय, चिडचिड होतेय आणि डाव्या हाताच्या मधल्या जागी नाडी धनुष्याच्या दोरीसारखी ताठ लागली, तर चिनी वैद्य म्हणेल यकृताची छी अडकली, आणि पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेत, जरा वरच्या बाजूला, ताइचोंग बिंदूवर सुई टोचेल, किंवा काढा देईल. 'थंडी' निघाली तर मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका झुडपाचा वाळका पाला बिंदूजवळ जाळून शेक. तोच पेशंट आपल्या वैद्यांना पित्ताचा वाटला तर पथ्य, औषध, फार झालं तर विरेचन (म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करणं), सुईचा विषयच नाही.

आता माझं मत. नुसत्या नाडीवर सगळं सांगतो म्हणणाऱ्यापासून, तो इथला असो की तिथला, मी लांब राहीन. एकच पेशंट दोन अनुभवी वैद्यांनी बघितला तरी नाडीचं वर्णन जुळेलच असं नाही. चिनी सिरियलमध्ये नाडी बघून "गोड बातमी" सांगतात ना, ती 'निसरडी' नाडी, थाळीत मोती घरंगळावेत तशी, कफ झाल्यावर आणि अपचनातही लागते असं त्यांचीच पुस्तकं सांगतात. म्हणून तिथे आधी बघणं, मग ऐकणं आणि वास घेणं, मग विचारणं आणि नाडी सगळ्यात शेवटी असा क्रम आहे, जीभ तर बघतातच. 11व्या शतकातला कवी सु दोंगपो तर वैद्याला आधी सगळी दुखणी सांगून टाकायचा आणि मगच हात पुढे करायचा, त्याचं म्हणणं मला बरं व्हायचंय, वैद्याची परीक्षा घ्यायची नाहीये. आपल्याकडे हात पुढे करून "ओळखा बघू" म्हणणारे आजही रांगेत असतात.