सूर्यास्त बघायला येताय? भाकरी आधी सांगा

खडकवासल्याच्या पाण्याकाठी, डोणजे फाटा ओलांडून पानशेत रस्त्याला लागलं की आमचं हॉटेल. शनिवार-रविवारी इथे एकच तक्रार ऐकू येते : ‘तासभर झाला, भाकरी कुठंय?’ खरं सांगायचं तर हा उशीर स्वयंपाकघरात होत नाही, टेबलावर होतो. मंडळी पाचला येतात, फोटो काढतात, सूर्य बुडेपर्यंत फक्त चहा मागवतात. मग अंधार पडला की आठही टेबलं एकदम जेवण सांगतात.

आता हिशोब बघा. आमच्याकडे तीन चुली आहेत. एका चुलीवर एक भाकरी तव्यावर आणि तिच्या आधीची निखाऱ्यावर, असं सलग चाललं तर तासाला साधारण वीस होतात. म्हणजे तीन चुलींवर साठ. आठ टेबलं, प्रत्येकी सहा माणसं आणि माणशी दोन भाकरी म्हटलं तर शहाण्णव. शेवटच्या टेबलाला दीड तास लागणारच, बाई कितीही हात चालवोत.

‘मग आधीच करून का ठेवत नाही?’ ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. गोळे करून ठेवले की विरी, म्हणजे पिठाची पकड, जाते आणि थापताना कडा चिरतात. केलेली भाकरी ठेवली तर पाण्यावरच्या वाऱ्यात दहा मिनिटांत वातड होते. तीच गरम करून वाढता येते, पण पापुद्रा सुटलेली भाकरी खायला एवढ्या लांब आलेल्या माणसाला ती द्यायला आमचा हात धजत नाही. पिठल्याचंही तसंच. दहा मिनिटांत होतं, पण ठेवलं की घट्ट होऊन साय धरतं.

तेव्हा एवढं करा. बसल्या बसल्याच भाकरीचा आकडा सांगा, ज्वारीच्या किती आणि बाजरीच्या किती ते वेगवेगळं. सोबत जेवायची वेळही सांगा. फोन करणारे नेमके इथेच चुकतात : ‘सहाला पोचतो’ म्हणतात, म्हणून आम्ही सहाला तवा तापवतो आणि मंडळी साडेसातला पानावर बसतात. आम्हाला पोचायची नाही, पहिला घास घ्यायची वेळ हवी. तोवर कांदाभजी आणि चहा आहेच. भज्यांची कढई वेगळी असते, तिच्यामुळे चुली अडत नाहीत. गावरान कोंबडी मात्र दुपारी बारापर्यंत फोनवर सांगा. ती शिजायलाच दीड-दोन तास घेते, आणि ऑर्डरशिवाय आम्ही कापत नाही. म्हणूनच तिच्यापुरता अ‍ॅडव्हान्स घेतो. लोकांना ते खटकतं, पण न आलेल्या गिऱ्हाइकाचा रस्सा दुसऱ्या दिवशी कुणाला वाढायचा?

सूर्यास्ताची वेळ दर महिन्याला सरकते. नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास, जूनअखेर सव्वासातला. शिवाय पश्चिमेला डोंगर आहेत, त्यामुळे पंचांगातल्या वेळेआधीच सूर्य आड जातो. अर्धा तास हाताशी ठेवून या. पाणी बघायचं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम, धरण भरलेलं असतं आणि आकाशही मोकळं. मे महिन्यात पाणी मागे हटून चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्या दिवसांत फोनवर विचारलंत तर तसं स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात पाण्याकडची टेबलं आम्ही उचलून शेडखाली घेतो. तेव्हा ‘कडेचंच टेबल हवं’ असा हट्ट धरू नका, तिरपा पाऊस ताटात येतो.

कडेची टेबलं चारच आहेत. फोनवर राखून ठेवतो, पण सांगितलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटंच. रविवारी संध्याकाळी खडकवासला चौपाटीजवळ गाड्या तुंबतात, त्यामुळे पुण्याहून, सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड सिटीकडून येणाऱ्यांनी नेहमीपेक्षा पाऊण तास आधी निघावं. अडकलात तर एक फोन करा, टेबल थोडं आणखी थांबवू.

पाण्यात उतरू नका. काठ गाळाचा आहे, पाय रुततो आणि पुढे एकदम खोल होतं. शिवाय हेच पाणी पुण्याच्या नळाला येतं.

जाताना मडक्यातलं दही न्यायचं असेल तर बिल मागतानाच सांगा. मडकं छोटं आहे, पण गाडीत मांडीवर धरून न्या, डिकीत ठेवलं की पहिल्याच गतिरोधकाला सांडतं. कोरडा झुणका पार्सलला चांगला टिकतो. भाकरी पार्सल हवी असेल तर कापडात बांधून देतो, फॉइलमध्ये नाही, कारण फॉइलमध्ये घाम धरून ती ओली होते.