लिंबाएवढ्या गोळीची पार्श्वभूमी

गालात धरली की बोलणं बंद, दातांनी फुटत नाही, आणि चोखता चोखता रंग पालटत जातो. या गोळीला ब्रिटनमध्ये गॉबस्टॉपर म्हणतात, अमेरिकेत जॉब्रेकर. नावं परकी असली तरी तिची घडण आपल्याला परकी नाही.

लिमलेटची गोळी आटवलेल्या पाकाची, एका झटक्यात होणारी. ही थरांची. मध्ये साखरेचा दाणा, तो फिरत्या कढईत, वर पळीभर पाक. सुकला की पुन्हा पाक. असे दोन-दोन आठवडे जातात. पुसेगावच्या यात्रेतून घरी येणारे साखरफुटाणे याच जातीचे, आणि संक्रांतीचा हलवाही. हलवा मंद आचेवर, परातीत, बोटांनी हळूहळू हलवतात, म्हणून त्याला काटा येतो. कढईत दाणे एकमेकांवर घासतात, म्हणून गोळी गुळगुळीत होते. माझ्या मते काटा आणणं हेच जास्त अवघड.

शब्दाचा गुंता मात्र साताऱ्यात हमखास निघतो. ‘कंदी पेढा’ हे नाव इंग्रजांच्या ‘कँडी’वरून पडलं, असं मोती चौकात कुणीही सांगेल. मला ते पटत नाही. संस्कृत ‘खंड’ म्हणजे साखरेचा खडा. तो फारसीत ‘कंद’ झाला, अरबीतून फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत ‘कँडी’ म्हणून पोचला. फारसी ‘कंद’ आपल्याकडे थेटही आलेला आहे: गुलकंद, कलाकंद. मग पेढ्यापुरताच तो साहेबाकडून कशाला उसना घ्यायचा? इंग्रजीचं ऋण सिद्ध करायचं तर निव्वळ उच्चारातलं साम्य पुरेसं नाही. दोन्ही शब्द एकाच खड्याचे आहेत, एवढं नक्की.

पुढे किराणा दुकानांत काचेच्या बरण्या आल्या आणि गोळी सुटी, नगावर मिळू लागली. पोरं मोठी गोळी निवडायची ती टिकते म्हणून, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. व्यास दुप्पट झाला की साखर आठपट होते, जिभेला लागणारा पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून ती दुप्पट वेळ पुरते. रंग पाहायला ती दर थोड्या वेळाने तोंडातून काढायची, भावंडाला दाखवायची, परत गालात. आता ती पाकिटबंद येते, लहान मुलांच्या घशात अडकू शकते अशा इशाऱ्यासह. इशारा रास्त आहे. तीन-चार वर्षांच्या पोराला अख्खी गोळी देऊच नये. घरी ती फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडायचे, तेव्हा आतले थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसायचे.