कप्पा वेगळा, सील वेगळं

दोन कप्प्यांचा, वर फिल्म चिकटवलेला एखादा प्लास्टिकचा ट्रे हातात घ्या. फिल्म एका कोपऱ्यातून हळूहळू सोला आणि मग ट्रेची कड उजेडात तिरकी धरून बघा. सोलून निघणारी फिल्म असेल तर बाहेरच्या कडेवर चारही बाजूंनी सहसा एक पांढुरकी पट्टी दिसते. फिल्म तिथे वितळून चिकटली होती, त्याची ती खूण. आता दोन कप्प्यांमधल्या बांधावर नजर टाका. तिथेही तशीच सलग पट्टी असेल तर दोन्ही कप्पे एकमेकांपासून सीलबंद होते. बांध कोरा आणि चकचकीत असेल तर फिल्म त्यावर नुसती टेकली होती. असा ट्रे बाहेरून बंद असतो, पण आत दोन्ही कप्प्यांची हवा एकच असते.

ड्रॉइंगवर हे दोन ट्रे हुबेहूब सारखे दिसतात. पॅकेजिंगच्या कामात मला सगळ्यात जास्त त्रास दिलेला गोंधळ हाच. एकाने ‘प्रत्येक घटकाला स्वतंत्र कप्पा’ असं लिहायचं, दुसऱ्याने ते ‘स्वतंत्र सील’ असं वाचायचं, आणि साचा तयार होऊन आल्यावर कळायचं की दोघांच्या मनात दोन निरनिराळ्या वस्तू होत्या.

कप्पा जागा वाटून देतो. घन वस्तू तो अडवतो, आणि ट्रे सपाट राहिला तर द्रवही. पण वाहतुकीत खोकं उभं ठेवलं गेलं की द्रव बांधाच्या माथ्यापर्यंत चढतो आणि फिल्म जिथे नुसती टेकली आहे त्या बारीक फटीतून केशाकर्षणाने पलीकडे झिरपतो. बाष्प, वास आणि ऑक्सिजन यांच्यासाठी तर ट्रे उभा की आडवा याने काही फरक पडत नाही. त्यांना फट पुरते. त्यांची वाट बंद करायची तर सील लागतं. त्यामुळे कप्पे आखण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: इकडून तिकडे नेमकं काय जायला बघतंय?

बहुतेक वेळा उत्तर येतं, पाणी. आणि इथे आणखी एक गैरसमज आड येतो. पाणी जास्त असलेल्या पदार्थाकडून कमी असलेल्याकडे जातं असं आपण धरून चालतो. खरं तर ते वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीच्या उतारावरून वाहतं. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे याचं माप, ० ते १ यांच्या दरम्यानचं. शुद्ध पाण्याचं १. मधात साधारण १८ टक्के पाणी असूनही त्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.६ च्या आसपास राहते, कारण साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं. कुरकुरीत बिस्किटाची ०.२ ते ०.३, आणि ती ०.४ ते ०.५ पर्यंत चढली की कुरकुरीतपणा गेला. दुधाच्या मऊ, चमच्याने खायच्या पदार्थांची ०.९५ च्या वर असते.

आता कोऱ्या बांधाच्या ट्रेमध्ये एका बाजूला असा मऊ पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटाचे तुकडे ठेवा. मऊ पदार्थ फिल्मखालच्या हवेला ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेपर्यंत न्यायला बघतो, आणि तीच हवा बिस्किटावर आहे. एक थेंबही बांध ओलांडत नाही, तरी बिस्किट सादळतं. ट्रे उघडणारा म्हणतो, कप्पा तर व्यवस्थित होता. होताच. मधली वाट मात्र उघडी होती. मनुका आणि कॉर्नफ्लेक्स एकत्र ठेवल्यावर हेच दोन्हीकडून दिसतं. मनुकेची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.५ ते ०.६, फ्लेक्सची बरीच कमी. मनुका पाणी सोडून कडक होते आणि फ्लेक्स ते पिऊन मऊ पडतात.

याचा अर्थ दिसेल त्या बांधावर सील मारावं असा नाही. स्क्रू आणि नट, मेकअपचे रंग, वेगवेगळ्या आकाराच्या सुया यांना कप्पा पुरतो. दोन पदार्थांची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी जवळ आणता आली तरीही पुरतो. मनुकेला ग्लिसरॉल लावून ती खाली आणता येते, किंवा कुरकुरीत तुकड्यांवर चॉकलेटचा थर देऊन पाण्याचा वेग मंदावता येतो. अशा वेळी बांधाचं सील म्हणजे नाकारला जाण्याचं आणखी एक कारण मालाला जोडणं. फिल्म सोलतानाही मधल्या बांधापाशी अडते, जोर वाढवला की एकदम सुटते आणि आतलं सांडतं. मोठ्या वयाच्या किंवा हातात ताकद कमी असलेल्या माणसाला हा झटका फार त्रासाचा होतो. गरज नसताना तो द्यायचा नाही, यावर मी अडून बसते.

पण गरज असेल तर बांधाचं सील बाहेरच्या सीलपेक्षा अवघड आहे हे आधीच मान्य करून कामाला लागावं. फिल्म चिकटायला तीन गोष्टी लागतात: तापमान, दाब आणि वेळ. सीलिंग हेड, म्हणजे फिल्म दाबणारा मशीनचा तापलेला भाग, एक-दोन सेकंद खाली येतं, तेवढ्यात तिन्ही जुळावं लागतं. बाहेरच्या कडेला खालून नेस्ट प्लेटचा, म्हणजे ट्रे ज्यात बसतो त्या प्लेटचा, आधार असतो, वरून हेड दाबतं, मधे फिल्म आणि कड नीट चेपली जाते. मधल्या बांधाखाली काय आहे? थर्मोफॉर्म केलेल्या, म्हणजे प्लास्टिकची पातळ शीट तापवून साच्यावर बसवून घडवलेल्या ट्रेमध्ये बांध म्हणजे उलटा ठेवलेला ‘व्ही’, आतून पोकळ. नेस्ट प्लेटमधून त्या पोकळीत वर येणारी पट्टी नसेल तर हेड खाली आल्यावर बांध दबून वाकतो. उष्णता मिळते, वेळ मिळतो, दाब मिळत नाही.

हे मी एकदा फार उशिरा पाहिलं. ट्रे नवा, फिल्म नवी, बाहेरचं सील उत्तम, आणि बांधावरची पट्टी दोन्ही टोकांना ठळक, मधे फिकट होत होत नाहीशी. आम्ही दोन दिवस तापमान वाढवत राहिलो. बाहेरची कड जळकट व्हायला लागली, बांध होता तसाच. शेवटी मशीन थांबवून नेस्ट प्लेट बाहेर काढली तर मधे नुसता खड्डा. जुन्या, एकाच कप्प्याच्या ट्रेची प्लेट तशीच वापरली होती. मधे पट्टी बसवली आणि तापमान मूळ जागी आणलं. त्यानंतरच्या पहिल्याच ट्रेवर बांधाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली.

बांधाची उंचीही अशीच फसवी असते. साच्यातून निघाल्यावर प्लास्टिक आकसतं, आणि बांध बाहेरच्या कडेपेक्षा किंचित खाली राहिला तर फिल्म वरून ताणून जाते, त्याला धड टेकतही नाही. बांध जिथे बाहेरच्या कडेला येऊन मिळतो ती टी आकाराची जागा सगळ्यात नाजूक. दोन सील तिथे एकत्र येतात, पृष्ठभाग क्वचितच पुरता सपाट असतो, आणि एक केसाएवढी नळी राहून जाते. पाउचमध्ये हाच दोष घडीपाशी येतो: चार थरांचे जिथे दोन थर होतात त्या पायरीवर. भरताना बांधावर पडलेला थेंब किंवा पावडरीचा कण वेगळाच. भरायचं नोझल बांधावरून फिरत असेल तर त्याचा मार्ग बदलणं हा मशीनचं तापमान वाढवण्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय.

सील पक्कं झालं तरी भिंत उरतेच. प्लास्टिकमधून बाष्प हळूहळू आरपार जातं, आणि पॉलिस्टायरीनमधून ते पॉलिप्रॉपिलीनपेक्षा खूप जास्त वेगाने जातं. पॉलिइथिलीन पाण्याला चांगलं अडवतं पण ऑक्सिजनला नाही. ईव्हीओएच नावाचं प्लास्टिक ऑक्सिजनला उत्तम अडवतं, मात्र कोरडं असेपर्यंत. ओलावा लागला की त्याची पकड सैल होते, म्हणून ते पाणी न शोषणाऱ्या थरांच्या मधे घालतात. बांधाची रचनाही इथे महत्त्वाची ठरते. थर्मोफॉर्म ट्रेच्या पोकळ बांधातून झिरपलेलं बाष्प खालच्या मोकळ्या हवेत निघून जातं. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरून केलेल्या डब्यात बांध म्हणजे एकच सलग भिंत, त्यामुळे झिरपलेलं थेट शेजारच्या कप्प्यात. दिसायला दोन्ही बांध सारखेच.

काही पॅकमध्ये मात्र कप्पे वेगळे ठेवायचे आणि शेवटी एकत्रही करायचे असतात, तेही पॅक न उघडता. शिरेतून पोषण देण्याच्या तीन कप्प्यांच्या पिशव्या तशाच असतात. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्लं, तिसऱ्यात स्निग्ध पदार्थांचं इमल्शन. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकत्र ठेवून उष्णतेने निर्जंतुक केली तर त्यांची मेलार्ड अभिक्रिया होऊन द्राव तपकिरी पडतो. म्हणून ती वेगळी. पिशवीच्या बाहेरच्या कडा कायमच्या जोडलेल्या, कप्प्यांमधली सीलं मात्र पिशवी वरून गुंडाळत दाबली की सुटणारी. एकाच मटेरियलमधून ही दोन्ही काढता येतात: जास्त तापमानाला थर पुरते वितळून एकजीव होतात, थोड्या कमी तापमानाला वरवर चिकटतात. या दोहोंमधली जागा अरुंद असते. सील जरा कच्चं राहिलं तर पिशवी हातातून पडल्यावर द्रवाच्या धक्क्यानेच मधला पडदा उघडतो. जरा जास्त झालं तर नर्सला दोन्ही हातांनी जोर लावूनही तो उघडत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उघडलाच नाही हे कुणाच्या लक्षात न येता एकाच कप्प्यातला द्राव रुग्णाला जाणं. म्हणून असं सील उघडलंय की नाही हे लांबून डोळ्यांना दिसलं पाहिजे. माझ्या लेखी ही रचनेतली पहिली अट आहे.

दोन नळ्यांच्या एपॉक्सीच्या सिरिंजमध्ये तर आतली भिंत शाबूत असूनही खेळ बिघडतो. रेझिन आणि हार्डनर नळीत कधीच भेटत नाहीत, पण टोपी काढून पुन्हा उलटी बसवली की एका तोंडाला लागलेला हार्डनर दुसऱ्या तोंडाच्या रेझिनला लागतो आणि तोंडाशी दगड होतो. यासाठीच अनेक सिरिंजच्या टोप्यांना एकाच बाजूने बसणारी खाच दिलेली असते. एक साधी खाच, पण ती नसेल तर मधली भिंत कितीही चांगली असून उपयोग नाही.

आता तपासणी. पाण्यात बुडवून निर्वात करून बुडबुडे बघायची लीक टेस्ट सगळ्यांना माहीत असते, आणि ती फक्त बाहेरचं सील तपासते. बांध पूर्ण उघडा असलेला ट्रे या टेस्टमध्ये निर्धास्त पास होतो. बांधासाठी वेगळी टेस्ट करावी लागते. द्रवासाठी सोपी: डाव्या कप्प्यात दोन थेंब साबण घातलेलं रंगीत पाणी, उजव्यात टिपकागद, फिल्म सील करायची, ट्रे उभा करायचा, मग उलटा, मग दुसऱ्या बाजूवर उभा. कागदावर डाग आला तर वाट कुठे आहे ते डागच दाखवतो.

बाष्पासाठी पारदर्शक ट्रे आणि ओलावा घेतल्यावर रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे घ्या. एका ट्रेच्या डाव्या कप्प्यात पाणी, उजव्यात दाणे पसरून. दुसऱ्या ट्रेच्या डाव्या कप्प्यात काहीच नाही, उजव्यात तेवढेच दाणे. दोन्ही सील करून शेजारी शेजारी ठेवा आणि रोज एकदा बघा. दुसऱ्या ट्रेमधले दाणे बाहेरच्या हवेतून येणारा ओलावा दाखवतात, पहिल्यातले तो आणि शेजाऱ्याकडून आलेला असे दोन्ही. दोघांमधला फरक हा बांधाचा हिशेब. सीलमध्ये नळी राहिली असेल तर तिच्या तोंडाशी असलेले दाणे आधी रंग सोडतात. माझ्या ट्रेमध्ये पहिले चार-पाच दाणे बदलले ते बहुतेक वेळा कोपऱ्यातले होते, बांध बाहेरच्या कडेला मिळतो त्या टी जवळचे.