ग्वाटेमालाचे दोन आयोग: एकाला नावं घ्यायची मुभाच नव्हती

‘संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ग्वाटेमालात नरसंहार उघड केला आणि राष्ट्राध्यक्षाला गजाआड केलं.’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून मला वीट आलाय. आयोग एक नव्हता, दोन होते. आणि गजाआड दोघांपैकी एकानेही कुणाला केलं नाही. ते काम तिथल्या न्यायालयांचं.

सिसिग, म्हणजे संघटित गुन्हेगारी आणि तिला मिळणारं अभय मोडण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याचा आयोग, बहुतेकांना माहीत असतो. २००७ ते २०१९, ‘ला लिनेआ’ हा सीमाशुल्क घोटाळा, २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांचा राजीनामा. त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरा त्याच्या आधीचा, सरकार आणि डाव्या बंडखोरांमधली यादवी (१९६०-१९९६) संपल्यावरचा सत्यशोधन आयोग. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याचा अहवाल आला: दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया आदिवासी.

घोळ होतो तो इथे. सरकार आणि बंडखोरांमधल्या १९९४ च्या ओस्लो करारानेच या आयोगाचे हात बांधले होते: व्यक्तीवर ठपका ठेवायचा नाही, अहवालाला न्यायालयीन परिणाम नाही. लास दोस एर्रेसचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८२ मध्ये लष्कराच्या काइबिल तुकडीने या वस्तीतली माणसं मारून विहिरीत टाकली. पुढे त्या विहिरीतून १६२ जणांचे सांगाडे निघाले. अहवालात हे हत्याकांड आहे, तुकडी आहे. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं, हे मात्र त्यात नाही. ते २०११ साली ठरलं, ग्वाटेमालाच्याच न्यायालयात: काइबिल सैनिकांना प्रत्येकी ६,०६० वर्षं.

सिसिगला नावं घेता येत होती, पण त्याचं लक्ष्य होतं तेव्हाच्या सत्तेत मुरलेल्या गुन्हेगारी टोळ्या, यादवीतली हत्याकांडं नव्हेत. शिवाय खटला सरकारी वकिलांचा. सिसिग सोबतचा सहफिर्यादी.

म्हणून यादवीतले लष्करी हुकूमशहा (१९८२-८३) रिओस माँत यांना नरसंहाराबद्दल झालेली शिक्षा सिसिगच्या खात्यावर मांडणं साफ चूक. १० मे २०१३ रोजी न्यायाधीश यास्मिन बार्रिओस यांच्या न्यायालयाने त्यांना ८० वर्षं सुनावली. दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. खटला पुन्हा उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागण्याआधीच, एप्रिल २०१८ मध्ये, रिओस माँत वारले.

माझ्यापुरतं सांगतो: ‘संयुक्त राष्ट्रांचा आयोग’ असं मोघम मी लिहीतच नाही. सत्यशोधन आयोग, नाहीतर सिसिग.