क्रोशाकाम (खानदेश)

क्रोशाकाम : टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने दोऱ्याचा किंवा लोकरीचा एक फास दुसऱ्यातून ओढत नेऊन जाळीदार वीण तयार करण्याची कला. बोलताना नुसते ‘क्रोशा’ असेच म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, हे काम मुख्यतः बाळंतविडा आणि रुखवत यांच्या आधाराने टिकले आहे. बाळासाठी दुपटे, शाल, टोपडे, झबले, मोजे. घरासाठी तोरण, रुमाल, माठावरची झाकणी, देव्हाऱ्यातले आसन, उशीच्या अभ्र्याची किनार. यातले फारच थोडे विक्रीसाठी विणले जाते. लेकीसाठी, सुनेसाठी, नातवंडासाठी विणलेल्या वस्तूंची बाजारात नोंद होत नाही, आणि पैठणीबद्दल जेवढे लिहिले गेले त्याच्या पासंगालाही क्रोशाबद्दलचे लेखन पुरत नाही. ही उपेक्षा या कामाच्या वाट्याला यायला नको होती.

क्रोशाचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात घडले. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा हजारो कुटुंबांना क्रोशाच्या लेसने घास मिळवून दिला. भारतात ही कला मिशनरी स्त्रियांनी रुजवली. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशा लेस त्यातूनच उभी राहिली आणि तिथे तिचा निर्यातीचा धंदा झाला. खानदेशात मात्र ती धंद्याच्या वाटेने गेली नाही. मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम शिकवले जाई; ज्या शाळेत गेल्या नाहीत त्या आईकडून, मावशीकडून, शेजारणीकडून शिकल्या.

घरकामात हे काम बसते, त्याचे कारण विणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात शंभर-दीडशे टाके एकाच वेळी सुईवर असतात. एक निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात कोणत्याही क्षणी उघडा फास एकच असतो. दूध उतू जाऊ लागले, दाराची कडी वाजली, बाळ रडले, की तो फास जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचे. पाच मिनिटांनी या, तासाने या, नाही तर दोन दिवसांनी. काम जिथे होते तिथेच असते. उन्हाळ्यात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या की चिमण्या-शेळ्यांवर नजर ठेवत कुणाला तरी ओट्यावर बसावेच लागते. त्या बसलेल्या वेळात सुई चालते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यांच्या पिशवीतही अर्धवट विणलेला रुमाल असतोच. सासरच्या गावचा नमुना माहेरी येतो आणि माहेरचा परत जाताना बरोबर जातो. खानदेशातले बरेच नमुने असेच फिरले.

टाके मोजकेच आहेत. साखळी हा पाया. शेजारच्या टाक्याला नुसता जोड द्यायचा तो मुका टाका. त्याहून उंच अर्धा खांब, मग खांब, आणि सुईवर दोनदा दोरा गुंडाळून काढलेला लांब खांब. नावे घरोघर थोडी बदलतात, हात तोच असतो. नव्याने शिकणारीचा हात पहिल्याच साखळीत आवळतो, त्यामुळे खालची कड आखडते आणि तुकडा वर पसरट होत जातो. पायाची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घालायची आणि पुढच्या ओळीला नेहमीची सुई घ्यायची, हा त्यावर सोपा उपाय. गोल रुमालाला हिशेब लागतो : पहिल्या फेरीत १२ खांब घातले तर प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे, म्हणजे २४, ३६, ४८. कमी वाढवले तर रुमाल वाटीसारखा वर येतो, जास्त वाढवले तर त्याला झालर पडते.

दोरा आणि लोकर : खानदेशाची काळी जमीन कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला भाव आला आणि जळगावची पेठ फोफावली. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे कापड गिरण्या चालल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आता बाजारसंकुल उभे आहे. कापूस अजूनही पिकतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. क्रोशाचा तयार दोरा बाहेरून येतो. या दोऱ्याला बारीक कताई लागते, वर मर्सराइज करण्याची प्रक्रिया लागते. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याचा परिणाम शोधला. होरेस लो याने १८९० मध्ये सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली आणि त्याला रेशमासारखी चमक आली. असा दोरा मजबूत असतो, रंग धरतो, धुतल्यावर कमी आटतो. गुंडीवरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक : २० नंबरचा तोरणाला चांगला, ४० नंबरचा नाजूक किनारीला. त्याला साधारण एक ते पावणेदोन मिलिमीटरची पोलादी सुई लागते. बाळाच्या लोकरीला साडेतीन-चार मिलिमीटरची.

दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, हलके आणि धुवायला सोपे, म्हणून बाळंतविड्यात आज त्याचेच राज्य आहे. थंडीच्या बाळाला ते ठीक. धुळ्याकडे पौष-माघात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा जाळीतली कोंडलेली हवा ऊब देते. पण चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि त्या दिवसांत जन्मलेल्या बाळालाही ॲक्रिलिकची शाल भेट दिली जाते. ते घाम शोषत नाही. उन्हाळ्याच्या बाळाला सुती दोऱ्याचे, मोकळ्या विणीचे दुपटेच द्यावे. दोऱ्याचे दुपटे विणायला वेळ जास्त लागतो, पण ज्या मुलखात कापूस पिकतो तिथल्या बाळाच्या अंगावर सूत असावे, यात मला काही वावगे वाटत नाही.

बाळाचे दुपटे : नवजात बाळाचे दुपटे ७५ ते ९० सेंटिमीटर चौरस असले की पुरते. सगळ्यांत लाडकी वीण शिंपल्याची : एका टाक्यात पाच खांब घालायचे, दोन्ही बाजूंचे दोन-दोन टाके सोडायचे आणि पुढे अर्धा खांब घालून शिंपला खाली बांधायचा. याला टाके सहाच्या पटीत अधिक एक लागतात. पुढच्या ओळीत अर्ध्या खांबावर शिंपला आणि शिंपल्याच्या मधल्या खांबावर अर्धा खांब येतो, त्यामुळे दोन ओळी एकमेकींत बसतात आणि भोके लहान राहतात. अननसाची जाळी दिसायला याहून देखणी, पण तिची भोके मोठी. ती रुमालाला शोभते, बाळाला नाही. बाळाची बोटे, विशेषतः पायाची, मोकळ्या जाळीत अडकतात आणि ताणली गेली की दोरा आवळतो. विणून झाल्यावर आपल्या करंगळीचे टोक भोकात सहज जाते का ते पाहावे. जात असेल तर वीण घट्ट घ्यावी. गोंडे, मणी, सुटी फुले बाळाच्या वस्तूला लावू नयेत. दोऱ्याची टोके नुसती गाठ मारून कापायची नाहीत, तर उलटसुलट दोन-तीनदा विणीतून ओवून घ्यायची. गाठ सुटते, ओवलेले टोक सहसा सुटत नाही.

आणखी दोन गोष्टी कौतुकाच्या भरात राहून जातात. एक म्हणजे, वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. पाळणा असो की झोळी, ही काळजी तीच. विणलेले दुपटे मांडीवर, बाहेर जाताना, जागेपणी नजरेसमोर वापरावे. दुसरे म्हणजे, बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी असते, ओवा-शेपांची धुरी असते. ॲक्रिलिक आचेने वितळते आणि कातडीला चिकटते. शेकाच्या वेळी ते बाळाच्या अंगावर असता कामा नये. तिथे जुन्या मऊ धोतराचे किंवा लुगड्याचे दुपटेच बरे.

घरातल्या वस्तू : खानदेशातल्या क्रोशाची सगळ्यांत गुणी वस्तू म्हणजे माठावरची झाकणी. मधे बारा खांबांपासून सुरू झालेली गोल जाळी. माठाच्या तोंडाइतकी झाली की खांब वाढवणे थांबवायचे, म्हणजे ती आपोआप खाली वळते. शेवटच्या फेरीला मणी. मणी मागाहून शिवले तर गळून पडतात, म्हणून जाणत्या बायका शेवटच्या फेरीचा दोरा घेतानाच सगळे मणी आधी त्यात ओवून ठेवतात आणि विणता विणता एकेक पुढे सरकवतात. मणी काचेचेच घ्यावेत. प्लॅस्टिकचे हलके असतात, वैशाखातल्या झळांच्या वाऱ्याने झाकणी उलटते. काचेच्या वजनाने ती चारी बाजूंनी ताणलेली राहते, पाण्यात माशी-कचरा जात नाही आणि वारा मात्र खेळता राहतो.

दाराच्या तोरणात चौकोनी जाळीचे काम असते. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, हा झाला रिकामा चौकोन. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तोच भरीव. पन्नास चौकोनांच्या पट्टीला दीडशे अधिक एक, असे १५१ टाके लागतात. भरीव आणि रिकामे चौकोन आलटून पालटून मोर, कलश, स्वस्तिक, ‘सुस्वागतम्’, ‘शुभ लाभ’ काढतात. अक्षरे काढताना शाळेच्या चौकटीच्या वहीवर आधी पेन्सिलने आखून घेतात. जोडाक्षर आले की चौकोन कमी पडतात, आणि मग अक्षराची कुठली रेघ सोडली तरी ते वाचता येईल, याचा विचार विणणारीला स्वतःच करावा लागतो. श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघर बसते तेव्हा चौरंगावर आणि मागच्या पडद्याला अशी पट्टी लावणारी घरे आहेत.

टीव्ही, फ्रिज आणि फोन यांवर रुमाल घालायची पद्धत मागे पडली. सोफ्याच्या पाठीवरचे रुमाल तेवढे अजून दिसतात.

धुणे आणि खळ : सुती क्रोशा तारेवर टांगून वाळवला की पाण्याच्या वजनाने लोंबतो आणि आकार बिघडतो. तो टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, पिळायचा नाही. मग सपाट चादरीवर पसरून कडा टाचण्यांनी ताणून वाळवायचा. कडक रुमालाला साबुदाण्याची किंवा तांदळाची पातळ खळ द्यावी. काही जणी साखरेचा पाक देतात. त्याने रुमाल उभा राहतो खरा, पण मुंग्या लागतात आणि पावसाळ्यात चिकट होतो. ॲक्रिलिकवर कडक इस्त्री फिरवू नये, विणीतला फुगीरपणा जातो तो परत येत नाही.

नमुन्यांचे जतन : जुन्या विणणाऱ्यांकडे लिहिलेले नमुने क्वचितच असतात. असते ती एक कापडी पिशवी, आणि तिच्यात चार-पाच इंचांचे विणलेले तुकडे. नमुना हवा असेल तर तुकडा मागून न्यायचा आणि बघून उतरवायचा. लग्नघरी रुखवत मांडले की हेच चालते : एखादी बाई रुमालाची कड हळूच उचलून उलट्या बाजूने बघते, ओठ हलवत खांब मोजते आणि घरी जाऊन तोच नमुना सुरू करते. आता मुली मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात आणि ते चांगलेच आहे, कारण शिकवणारी आत्या गावात नसली तरी अडत नाही. पण त्या पिशव्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर फेकल्या जातात, हे थांबायला हवे. प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि शेजारी कागदावर टाक्यांचा हिशेब, एवढे केले तरी नमुना वाचतो.

मोल : बचत गटांच्या प्रदर्शनांत अलीकडे क्रोशाची दुपटी, तोरणे आणि खेळणी विक्रीला येतात. गिऱ्हाईक बहुधा लोकरीच्या वजनावर भाव करते : तीनशे-चारशे ग्रॅम लोकर, वर थोडी मजुरी. हा हिशेबच चुकीचा आहे. बाळाच्या लोकरीत १० सेंटिमीटरला साधारण १५ खांब आणि ८ ओळी बसतात. ८० सेंटिमीटरच्या साध्या दुपट्यात १२० खांबांच्या ६४ ओळी होतात, म्हणजे ७,६८० खांब. प्रत्येक खांबाला दोरा सुईवर घ्यायचा, टाक्यात घालायचा, ओढायचा, दोनदा दोन-दोन फासांतून काढायचा. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. ‘क्रोशा लेस’ म्हणून वारावर मिळणारी यंत्राची लेस वेगळ्याच विणीची असते. म्हणून विकणारीने लोकरीचा खर्च आणि हाताचे तास वेगवेगळे लिहून दाखवावेत, दोरा सुती की ॲक्रिलिक ते सांगावे, धुण्याची रीत लिहावी, आणि चिठ्ठीवर गटाच्या नावाबरोबर जिने ते विणले तिचेही नाव घालावे.