सर्चलाइट, हातातला : निवड आणि वापर (ठाणे–नवी मुंबई परिसर)

सर्चलाइट, हातातला : एका हातात धरून लांबवर एकवटलेला झोत टाकता येईल असा, बॅटरीवर चालणारा दिवा. टॉर्च पायाखालचे दाखवते, सर्चलाइट पलीकडच्या बांधावरचे. बोलण्यात दोन्हींना ‘बॅटरी’च म्हणतात. ‘बॅटरी मार’ किंवा ‘फोकस मार’ म्हटले की काम भागते. ‘विजेरी’ हा शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर फारसा पडलाच नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत ही वस्तू वापरणारे लोक एकमेकांहून फार वेगळे आहेत. येऊरच्या पायथ्याशी असलेल्या सोसायट्यांचे वॉचमन, खाडीत होडी घालणारे कोळी, पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला शेतात उतरणारे आगरी, प्रबळगड नाहीतर पेब किल्ल्याच्या वाटेला रात्रीच लागणारे ट्रेकर, आणि लाईट गेल्यावर गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाणारे सोसायटीचे सेक्रेटरी. या सगळ्यांना एकच सर्चलाइट पुरत नाही. तरीही एक गोष्ट सरसकट म्हणता येते : इथे विकत घेतले जाणारे बहुतेक सर्चलाइट गरजेपेक्षा लांब मारतात आणि गरजेपेक्षा कमी वेळ टिकतात.

आधीची साधने

चूड, टेंभा, कंदील आणि पेट्रोमॅक्स म्हणजेच गॅसबत्ती, हा क्रम या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावा लागत नाही. हातात धरायच्या विजेच्या दिव्याचे अमेरिकी पेटंट १८९९ मधले आहे. आपल्याकडे पुढची कित्येक दशके तीन सेलांची पत्र्याची टॉर्च चालली. मग ६ व्होल्टची शिशाची बॅटरी असलेला, वर मूठ असलेला जड डबा आला. गाडीच्या सिगारेट लायटरच्या खोबणीतून १२ व्होल्ट घेणारे ५५ वॉटचे हॅलोजन झोतही काही जण बाळगत. निळी एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साधली आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा उजेड मिळू लागला, तेव्हा हे सगळे मागे पडले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. शिशाचे डबे अजून काही घरांच्या माळ्यावर सापडतात, पण ते बहुधा मेलेलेच असतात. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पाट्यांवर सल्फेट साचते आणि ती पुन्हा उभी राहत नाही.

लुमेन, कँडेला आणि पौर्णिमा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा लुमेनचा असतो. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेन सांगते, तो कुठे पडतो ते सांगत नाही. झोत एका दिशेला किती तीव्र आहे हे कँडेला या मापावरून कळते. घरातला एलईडी बल्ब हजार लुमेन देतो, पण त्याने समोरच्या इमारतीची भिंतही उजळत नाही. पाचशे लुमेनचा नीट बांधलेला सर्चलाइट मात्र दोनशे मीटरवरचे झाड दाखवतो.

पल्ल्याचा आकडा ज्या मानकानुसार देतात, त्याचे नाव एफएल-१. त्याची पहिली आवृत्ती २००९ ची. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्स या मापात मोजतात. या मानकाप्रमाणे झोताचा उजेड जिथे ०.२५ लक्सवर येतो तिथे पल्ला संपला असे धरतात. ०.२५ लक्स म्हणजे निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेचे चांदणे, साधारण तेवढे. म्हणजे खोक्यावर ‘४०० मीटर’ लिहिले असेल, तर चारशे मीटरवरच्या वस्तूवर चांदण्याएवढा उजेड पडेल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे बसलेला प्राणी कुत्रा की बिबट्या, हे ओळखू येईल असे कोणी म्हटलेले नाही. छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे १ लक्स होतो. कामाचा पल्ला तोच धरावा.

वनविभागाची येऊरमधली पाणवठ्यावरची प्राणिगणना बुद्धपौर्णिमेच्या रात्री होते. माणसे मचाणावर बसतात आणि सर्चलाइट न लावता, चंद्राच्याच उजेडात मोजतात. ज्या चांदण्याला मानकाने झोताचा शेवट मानले, तेवढ्या उजेडात डोळा सरावला की काम निभते. अट एवढीच, की डोळ्याला सरावायला वेळ मिळाला पाहिजे. काळोखाशी पुरते जुळायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या झोताच्या एका फटक्यात ती कमाई जाते. म्हणून लाल उजेडाची सोय असलेला दिवा रात्रभर बसणाऱ्यांना बरा पडतो. काळोखात बघणाऱ्या डोळ्याच्या पेशी लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे घड्याळ बघायला लाल उजेड लावला तरी सराव मोडत नाही.

पल्ला आणि कँडेला यांचे गणित पाठ करण्याजोगे आहे : कँडेलाचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायचे. १०,००० कँडेला असतील तर वर्गमूळ १००, पल्ला २०० मीटर. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. हे सोसायटीच्या पार्किंगमध्येही पडताळता येते. दिवा भिंतीपासून पाच मीटरवर धरावा, झोताच्या मधोमध, भिंतीलगत मोबाइल ठेवून लक्स मोजणाऱ्या ॲपवर आकडा बघावा आणि त्याला २५ ने गुणावे. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला. मोबाइल काही प्रयोगशाळेतले उपकरण नव्हे, पण ‘दोन किलोमीटर’ लिहिलेला दिवा दोनशे मीटरचा निघाला, एवढे त्यावर नक्की कळते. दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतील. तळहातावर मावणाऱ्या, काही शे रुपयांच्या दिव्यात ते येत नाहीत.

झोत लांब जायला दोन गोष्टी लागतात : ठिपक्याएवढी पण प्रखर एलईडी आणि तिच्यामागे रुंद आरसा. एलईडी तीच ठेवून आरशाचा व्यास चार सेंटिमीटरवरून आठ केला, तर कँडेला साधारण चौपट आणि पल्ला दुप्पट होतो. लुमेन जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळे दुकानात आधी तोंड बघावे, आकडा नंतर. रुंद तोंडाचा आणि मधोमध एकच छोटी एलईडी असलेला दिवा लांब मारणार. आठ-दहा एलईडी खचाखच बसवलेला दिवा जवळचे अंगण लख्ख उजळणार, लांबचे काही दाखवणार नाही. पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाचे ‘झूम’ दिवे गंमत म्हणून ठीक आहेत. झोत आवळला की भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो, बराचसा उजेड नळीतच अडकून वाया जातो, आणि सरकत्या जोडातून पाणी आत शिरते. पावसाळ्यासाठी ते घेऊ नयेत.

बॅटरीचा हिशेब

आजच्या बऱ्याच सर्चलाइटमध्ये १८६५० किंवा २१७०० हे लिथियम सेल असतात. आकडे मापाचेच आहेत. पहिला १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, दुसरा २१ जाड आणि ७० लांब. चांगल्या १८६५० मध्ये ३,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास मावतात. ज्यावर ९,९०० छापले आहे तो सेल खोटा समजावा, त्या मापात तेवढे मावतच नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमच भरला तर आत काय आहे ते न विचारलेले बरे.

३,००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा असते. दिव्यातली एलईडी वॉटमागे शंभरेक लुमेन देते असे धरले, तर हजार लुमेनला दहा वॉट लागतात. म्हणजे एका सेलवर जेमतेम तासभर. दोनशे लुमेनवर तोच सेल पाच तास चालतो. ‘१००० लुमेन, १० तास’ हे एका सेलवर घडत नाही. त्यातही मानकाप्रमाणे चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. तेव्हा छापील पाच तासांतले शेवटचे काही तास मिणमिणतेही असू शकतात. दिवा तापला की बरेच चांगले दिवे आपणहून उजेड कमी करतात. तो बिघाड नव्हे. जो तापूनही कमी होत नाही त्याची काळजी करावी.

सेल काढता येण्याजोगा असावा. आत कायमचा बसवलेला सेल दोन-तीन वर्षांनी थकतो आणि त्याच्यासोबत धडधाकट दिवाही भंगारात जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर आयएस १६०४६ या मानकाखालची नोंदणी हवी. विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे असतात.

पाऊस आणि खारी हवा

ठाण्याचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. पण भिजण्याएवढाच प्रश्न दिसण्याचाही असतो. मुसळधार पावसात डोळ्याशेजारी धरलेला सर्चलाइट थेंबांची पांढरी भिंत उभी करतो आणि भिंतीपलीकडचे काही दिसत नाही. उजेड वाढवला तर भिंतच जास्त पांढरी होते. दिवा कमरेखाली, शरीरापासून दूर धरला की थेंबांवरून परतणारा उजेड थेट डोळ्यात येत नाही. सहा-साडेसहा हजार केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचे माप) निळसर उजेडापेक्षा चार हजारांच्या आसपासचा पिवळसर उजेड या भागात सोयीचा वाटतो, तो मुख्यतः मातीचे, पाल्याचे आणि सापाचे रंग वेगळे दिसतात म्हणून. पिवळा उजेड धुके भेदतो ही समजूत मात्र फारशी खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात, की ते सगळेच रंग सारखे उधळतात.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आयपी आकडे असे वाचावेत : शेवटचा ४ म्हणजे उडणारे पाणी चालेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. होडीत आणि भातखाचरात ७ च घ्यावा. ही चाचणी गोड्या पाण्याची असते, खाडीच्या नव्हे. खाडीवरून आल्यावर दिवा गोड्या पाण्याने धुतला नाही, तर आट्यांत मीठ बसते आणि पुढच्या खेपेला झाकण फिरत नाही.

जागेनुसार

शेत : वलगणीला किंवा मुठे म्हणजे शेतातले खेकडे धरायला गेलेल्याला दहा-वीस मीटरपलीकडचे बघायचेच नसते. खेकडा उजेडात थबकतो, तेवढ्यात मागून हात घालायचा, म्हणून एक हात मोकळा हवा. इथे पसरट उजेडाची हेडटॉर्चच बरी. मण्यार रात्रीच बाहेर पडते, आणि निमुळत्या झोतात बांधावरचा लखलखीत वर्तुळाकार तुकडा दिसतो, पायाशेजारची मण्यार दिसत नाही. शे-दोनशे लुमेनचा पसरट उजेड आणि पायात गमबूट, एवढे पुरते. ट्रेकलाही हेच लागू. गटात एक सर्चलाइट पुष्कळ झाला, तोही चुकलेली वाट शोधायला.

सोसायटी : आवारापासून झाडीपर्यंतचे अंतर सहसा पन्नास-साठ मीटर असते. छापील पल्ला दोनशे-तीनशे मीटरचा असला की झाले. येऊर, घोडबंदर भागात वॉचमनच्या झोतात डोळे चमकले की ‘बिबट्या’ची हाकाटी होते. बिबट्या, कुत्रा, मांजर आणि उदमांजर या सगळ्यांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो. चमकीवरून प्राणी ठरत नाही. डोळे जमिनीपासून किती उंच आहेत आणि एकमेकांपासून किती लांब, ते बघावे. बिबट्या असलाच तर झोत त्याच्या तोंडावर रोखून धरू नये, त्याला घेरू नये, निघायला वाट मोकळी ठेवावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत झोत घेऊन प्राणी शोधत हिंडणे हा छंद नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याला छेडणे हाही गुन्हा आहे आणि त्याला हाकणे शिकारीच्या व्याख्येत येते.

खाडी : लांब झोताची खरी गरज इथेच. अंधारात जाळ्यांचे खुंट, बोया आणि दुसरी होडी लांबून दिसायला हवी. साठ हजार ते लाख कँडेला, म्हणजे छापील पाचशे-सहाशे मीटर, योग्य. पण झोत क्षणभर मारून बंद करायचा असतो, समोरच्या होडीवाल्याच्या डोळ्यात गेला तर त्याला पुढची काही मिनिटे काही दिसत नाही. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. फ्लेमिंगो रात्रीही चरतात, त्यांच्या थव्यावर झोत मारून त्यांना उठवू नये. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल बाजूला विमाने कमी उंचीवरून जातात. त्यांच्याकडे झोत रोखणे थेट धोक्याचे आहे.

ठेवण

उन्हाळ्यात पडून राहणारा दिवा निम्म्या चार्जवर ठेवावा. सेल काढून ठेवलेला उत्तम. बंद गाडीत, उन्हात ठेवू नये. मृग लागण्याआधी झाकणाची रबरी कडी काढून बघावी, चिरली असेल तर बदलावी, आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा. पेट्रोलियम जेली लावू नये, काही प्रकारचे रबर तिने फुगते.