टिकी-टाका आणि पोझिशनल प्ले: स्पेनच्या खेळाला एकच नाव देऊ नका

स्पेनचा सामना सुरू होतो, दहा-बारा पास सलग होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "हा बघा स्पेनचा टिकी-टाका!" 2010 साली हे बरोबर होतं. पण 2024 ची युरो (युरोपीय देशांची) स्पर्धा जिंकलेल्या संघालाही तेच नाव चिकटवलेलं ऐकलं की मला राहवत नाही. हा संघ टिकी-टाका मागे टाकून पोझिशनल प्ले, म्हणजे आधी मैदानावरच्या जागा वाटून मग चेंडू फिरवण्याची पद्धत, खेळल्यामुळे जिंकला. 2026 च्या विश्वचषकात स्पेन कुठवर जाईल याचा अंदाज बांधायचा असेल, तर आधी हा घोळ निस्तरला पाहिजे.

टिकी-टाका तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे थोडक्यात. छोटे, झटपट पास, चेंडूच्या आसपास खेळाडूंचा त्रिकोण आणि चेंडू शक्यतो सोडायचा नाही. 2006 च्या विश्वचषकात स्पॅनिश समालोचक आंद्रेस मोन्तेस यांनी हा शब्द लोकप्रिय केला. पुढे 2008 चा युरो, 2010 चा विश्वचषक आणि 2012 चा युरो अशा सलग तीन विजेतेपदांमुळे तो जगभर गेला. पोझिशनल प्लेचं घराणं मात्र जुनं आहे. त्याची मुळं डच फुटबॉलमध्ये आहेत. डच प्रशिक्षक योहान क्रॉयफने ते बार्सिलोना क्लबात रुजवलं आणि पुढे प्रशिक्षक पेप गार्डिओलाने त्याला काटेकोर नियम दिले. त्याच गार्डिओलाला लोक टिकी-टाकाचा जनक म्हणतात आणि त्याला स्वतःला तो शब्द आवडत नाही, हे त्याने उघडपणे सांगितलं आहे.

वरवरचे फरक सोडून देऊ. 4-3-3 ची रचना (चार बचावपटू, तीन मधल्या फळीत, तीन आघाडीला) दोन्हींत दिसते, पास दोन्हींत भरपूर असतात, गोलकीपरपासून खेळ उभा करणं दोन्हींत असतं. या खुणांवरून ओळखायला गेलात तर फसाल. खरा फरक एकाच प्रश्नात आहे: माणसं चेंडूकडे जातात, की चेंडू माणसांकडे जातो?

टिकी-टाकात, विशेषतः तो बिघडतो तेव्हा, सगळे चेंडूच्या जवळ येतात. पास द्यायला चार-चार जण हजर असतात, म्हणून चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जात नाही. पण आपले चार जण एका कोपऱ्यात गोळा झाले की प्रतिस्पर्ध्याचे पाच जणही तिथेच येतात. जागा आपणच भरून टाकतो आणि मग तिच्यातून वाट शोधत बसतो.

पोझिशनल प्लेमध्ये आधी जागा ठरतात. मैदानाचे उभे पाच पट्टे कल्पा: दोन्ही टचलाइनलगतचे (म्हणजे मैदानाच्या लांब कडांच्या रेषांलगतचे), मधला आणि त्यांच्या मधले दोन. हल्ल्यात प्रत्येक पट्ट्यात कुणीतरी हवंच. गार्डिओलाचा नियम असा की एका आडव्या रेषेत तीनपेक्षा जास्त आणि उभ्या रेषेत दोनपेक्षा जास्त खेळाडू नकोत. विंगर, म्हणजे कडेचा आघाडीपटू, टचलाइनला चिकटून उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याच्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, निवड करावी लागते. तो विंगरजवळ गेला तर त्याच्या आणि सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) मध्ये भगदाड पडतं. आत राहिला तर विंगर मोकळा. डावीकडे होणारे आठ-दहा पास हे त्या बाजूला प्रतिस्पर्ध्याला ओढून आणण्यासाठी असतात. तो ओढला गेला की चेंडू उजवीकडे, जिथे आपला माणूस आधीपासूनच उभा आहे. अशा पासांचा हेतू चेंडू हलवण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला हलवण्याचा असतो.

इथे आणखी एक गैरसमज डोकावतो: "पोझिशनल म्हणजे प्रत्येकाने आपली जागा धरून बसायचं." साफ चूक. जागा ठरलेल्या असतात, त्या जागेवरचा माणूस बदलू शकतो. स्पेनचा डावा फुलबॅक कुकुरेया बाहेरून धावला तर डावा विंगर निको विल्यम्स आत येतो. पट्टा रिकामा राहत नाही, एवढंच बंधन.

आता हे सामन्यांत बघा. 2018 च्या विश्वचषकात मॉस्कोत रशियाविरुद्ध स्पेनने हजाराहून जास्त पास दिले, सामना 1-1 राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन बाहेर गेला. त्यांचा तो एकमेव गोलही रशियाचा स्वयंगोल होता. 2022 च्या विश्वचषकात मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तीच गत. 120 मिनिटांत पुन्हा हजाराच्या वर पास, गोल शून्य आणि शूटआउटमध्येही एकही पेनल्टी आत गेली नाही. त्याआधी साखळीत जपानने चेंडूचा जेमतेम 18 टक्के ताबा ठेवून स्पेनला 2-1 हरवलं होतं. प्रशिक्षक लुइस एन्रिकेच्या त्या संघाला पासची कमतरता नव्हती. कडेला उभा राहून फुलबॅकला एकट्याने चकवेल असा माणूस नव्हता. निको विल्यम्स मोरोक्कोविरुद्ध बदली म्हणून आला तेव्हा सामना बराच पुढे गेला होता.

दोन वर्षांनी, 2024 च्या युरोत, इंग्लंडविरुद्ध बर्लिनमधल्या अंतिम सामन्याचं 47 वं मिनिट आठवा. फुलबॅक कार्वाहालने उजवीकडे विंगर लामिन यमालला चेंडू दिला. यमाल आत शिरला, इंग्लंडची बचावफळी त्याच्याकडे सरकली आणि डावीकडे निको विल्यम्स मोकळा होता, कारण तो आपली बाजू सोडून चेंडूकडे धावला नव्हता. एक पास, एक फटका, गोल. मला विचाराल तर पोझिशनल प्ले समजावायला या गोलइतकं चांगलं उदाहरण नाही.

त्याच स्पर्धेत क्रोएशियाला 3-0 हरवताना स्पेनचा ताबा प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी होता. अधिकृत सामन्यात असं 2008 च्या युरो अंतिम सामन्यानंतर पहिल्यांदाच घडलं. म्हणून कृपा करून ताब्याची टक्केवारी दाखवून स्पेन कसा खेळला हे सांगू नका. त्या आकड्यातून चेंडू कुणाकडे होता ते कळतं, प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू जागेवरून हलले की नाही ते कळत नाही.

टिकी-टाकाला मी कमी लेखत नाही. प्रशिक्षक देल बोस्क यांच्या 2010 च्या संघाने सात सामन्यांत फक्त 8 गोल केले आणि बाद फेरीतले चारही सामने 1-0 ने जिंकले. तो टिकी-टाका मुख्यतः बचाव होता: चेंडू आमच्याकडे असेल तर तुम्ही गोल कशाने करणार? मधल्या फळीत झावी, इनिएस्ता आणि बुस्केट्स एकत्र असताना हा हिशोब जमला. ते त्रिकूट पुन्हा जुळणार नाही, म्हणून ती पद्धत पुन्हा आणण्याचा हट्ट नको. 2024 च्या संघाने सात सामन्यांत सातही जिंकले आणि 15 गोल केले.

आता 2026. पोझिशनल प्लेचा मोठा फायदा म्हणजे मधल्या फळीत माणूस बदलला तरी घडी मोडत नाही. 2024 च्या युरोत जर्मनीविरुद्ध पेद्री आठव्या मिनिटाला जायबंदी झाला, त्याच्या जागी आलेल्या ओल्मोने गोल केला. अंतिम सामन्यात रॉड्री मध्यंतरानंतर उतरलाच नाही, सुबिमेंदी आला आणि स्पेन जिंकला. कडेला मात्र तसं नाही. तिथली जागा भरून भागत नाही, तिथला माणूस समोरच्याला चकवणारा हवा. 2025 च्या नेशन्स लीग (युरोपीय देशांची आणखी एक स्पर्धा) अंतिम सामन्यात पोर्तुगालचा फुलबॅक नुनो मेंदेसने यमालला बांधून ठेवलं, वर स्वतः गोल केला आणि 2-2 नंतर स्पेन शूटआउटमध्ये हरला. स्पेनला हरवायची वाट तीच आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

स्पेनच्या गटात केप व्हर्दे, सौदी अरेबिया आणि उरुग्वे आहेत. पहिले दोघे बराच वेळ मागे दाटी करून खेळतील असं मला वाटतं, म्हणजे मोरोक्कोचाच पेपर पुन्हा. उरुग्वेची गोष्ट वेगळी. त्यांचा प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साचे संघ मैदानभर माणसामागे माणूस लावतात. जागा बदलून मोकळं होण्याची युक्ती तिथे लंगडी पडते, कारण पाठलाग करणारा सोबतच येतो. हा सामना समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात आहे, तेव्हा धावणाऱ्यांचा दम लवकर निघेल आणि शेवटचा अर्धा तास स्पेनचा असेल. 48 संघांच्या या स्पर्धेत विजेत्याला आठ सामने खेळावे लागतील. उन्हाळ्यात आघाडी मिळाल्यावर चेंडू नुसता फिरवत दम खाणं, म्हणजे जुना टिकी-टाका, तेवढ्यापुरता जरूर वापरावा.

यमाल आणि विल्यम्स दोघेही तंदुरुस्त असतील तर स्पेन अंतिम फेरी गाठेल, असं माझं ठाम मत आहे. एक जरी बाहेर बसला तर उपांत्यपूर्व फेरीपलीकडचं मी काही बोलणार नाही.

पहिला सामना 15 जूनला अटलांटात केप व्हर्देविरुद्ध आहे. चेंडू डावीकडे फिरत असेल तेव्हा तिकडे बघू नका, उजव्या टचलाइनकडे बघा. यमाल तिथे पांढऱ्या रेषेला पाय लावून थांबला असेल तर काळजी नको. तो कंटाळून मध्ये, चेंडूजवळ यायला लागला, तर शूटआउटची तयारी ठेवा.